न खोकणारी मुलगी

ठकीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, घशातली नळी निघाली, आणि तेव्हापासून ती मूर्तीसारखी पडून होती. खोकला आला की ओठ घट्ट मिटायची. डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळायचं, पण आवाज म्हणून नाही. सिस्टर म्हणाल्या, "इतकं गुणी लेकरू पाहिलं नाही." मी कपाळावरून हात फिरवत राहिले. चार वर्षांची माझी पोर, छातीवर केवढी ती पट्टी.

सकाळी श्वासाचे व्यायाम घेणाऱ्या ताई आल्या. पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"खोकते का ही?"

"अजिबात नाही," मी कौतुकानं सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. "कफ साठलाय. फुप्फुसाचा खालचा भाग मिटलाय. संध्याकाळपर्यंत उघडला नाही, तर डॉक्टर पुन्हा नळी घालतील. दुखेल तिला, तरी खोकायलाच हवं." त्यांनी टॉवेलची जाड गुंडाळी करून तिच्या छातीशी धरली. "हे घट्ट दाबायचं आणि खोकायचं."

"खोक गं राणी," मी म्हणाले.

ठकी पुटपुटली, "मी नाही हरणार."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तपासणीच्या वेळी ती वळवळायची, म्हणून आम्हीच तिला स्टॅच्यूचा खेळ शिकवला होता. हलला तो हरला.

"खेळ संपला, सोन्या."

"तू म्हणालीस, घरी जाईपर्यंत."

म्हणाले होते. ऑपरेशनला आत नेताना, दाराशी, काय बोलतेय ते न कळून.

तिच्या बाबानं खोकून दाखवलं, हत्तीसारखं, म्हाताऱ्यासारखं. शेजारच्या खाटेवरच्या बाळाची आजी म्हणाली, "जावईबापू, तुम्हीच औषध घ्या आधी." ठकीचे ओठ हललेसुद्धा नाहीत. नखं निळसर दिसत होती. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा एकेक उतरत होता, आणि मला दुसरं काही दिसेना.

"बाजूला हो जरा," मी त्याला म्हटलं. तिच्या पाठीखाली हात घालून तिला बसवलं, टॉवेल दाबला आणि तोंडाला येईल ते बोलले. "ठके, तू केव्हाच हरलीयेस. डोळे मिचकावलेस. मी बघितलं."

तिचा ओठ थरथरला. "खोटं बोलतेस."

"हरलीस."

ती रडायला लागली, आणि रडता रडता आतून खोल, ओला खोकला फुटला. तिनं किंकाळी फोडली. टॉवेलमधूनही छातीची धडधड माझ्या तळव्याला लागत होती. टाके उसवले तर, एवढंच डोक्यात. ताई पाठीवर थापट्या मारत होत्या. "रडू दे. थांबवू नका."

"आई वाईट आहे. आई नको मला."

टॉवेल तिच्या बाबाकडे देऊन मी खाटेभोवतीच्या पडद्याबाहेर गेले. आत ती खोकायची, मग शांत व्हायची. त्या शांततेत माझाच श्वास अडकायचा, पुढचा खोकला येईपर्यंत.

संध्याकाळी एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "आज नळी नको. उद्या सकाळी परत बघू." उद्याचं ओझं घेऊन मी पडद्याशी आले. आत बापलेकीचं बोलणं चाललं होतं.

"आई कुठंय?"

"तूच हाकललंस ना तिला?"

"बोलव. ती चीटर आहे. पण बोलव."

मी आत गेले. ठकीनं माझ्याकडे पाहिलं नाही. टॉवेल तेवढा पुढे सरकवला.

"तू धर. बाबा हळू दाबतो."