दहापैकी दोन

औशाजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर सहा महिन्यांसाठी येत. लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती. पाट्या नव्या, नळ कोरडे. मी तिथला मुख्य डॉक्टर. दर शनिवारी प्रत्येकानं आपल्या कामाला आपणच दहापैकी गुण द्यायचे आणि शेजारी मी शेरा मारायचा, ही पद्धत माझीच. तिचा मला फार अभिमान होता.

पोरं स्वतःला नऊ देत. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणून मी सहा करी. उदगीरच्या जगदेवीनं 'सुकलेल्या लेकराला सलाईन लावणे' या कामापुढं दोन लिहिले. खाली लिहिलं होतं, 'शीर सापडत नाही, शिकवावं.' मी हसलो. तिच्यासारखाच मीही लिंगायत घरातला. आमच्या बायका 'मला कुठं काय येतं' म्हणत पन्नास पानांचा स्वयंपाक उतरवतात. मी शेरा मारला, 'विनय उत्तम. सात.' पुढचे दोन शनिवारही तेच दोन आणि माझे तेच सात.

मे महिन्यात गाळ उपसलेल्या विहिरीचं पाणी पिऊन गावोगाव हगवण लागली. मंगळवारी पाणीटंचाईच्या बैठकीला मला लातूरला जावं लागलं. सात गुणांची डॉक्टर आहे, म्हणून दवाखाना बिनघोर तिच्यावर सोडला.

चारला परतलो तेव्हा नागुबाई नावाची बाई खाटेवर बसून होती. तिच्या दीड वर्षाच्या लेकराचं तोंड पदरानं झाकलेलं होतं. हातापायांवर सुया टोचल्याच्या नऊ खुणा होत्या. पोटात पाणी ठरत नव्हतं आणि शीर सापडली नव्हती.

मी जगदेवीवर सगळ्यांसमोर भडकलो. "येत नव्हतं तर सांगायचं नाही?"

"तीन शनिवार लिहून दिलं की सर," ती हळूच म्हणाली.

मी फाईल काढली. लाल शाईत माझंच अक्षर होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तरी तिची माफी काही माझ्याच्यानं मागवली नाही. साहेबपणा आडवा आला.

शनिवारी कागद आले. त्याच कामापुढं जगदेवीनं आठ लिहिले होते. मी तिला बोलावलं.

"आता येतं?"

"न्हाई सर."

"मग आठ कशाला?"

"दोन लिहून काय उपयोग? तुम्ही सातच करताव."

मी पेन ठेवलं आणि तिला घेऊन वॉर्डात गेलो. नागुबाईच्या खाटेवर दुसरं लेकरू होतं, तसंच सुकलेलं. त्याचा हात जगदेवीच्या हातात देऊन मी शीर कुठं लागते ते दाखवायला सुरुवात केली. हे दाखवायला मला दहा मिनिटं लागली.