बाईंनी वाल्मिक सरांपुढे खडू धरला

माझी हिरू तीन महिन्यांची असताना मी कर्जतच्या कॉलेजात पुन्हा शिकवायला लागले. नोकरी तात्पुरती, मार्चमध्ये मला कायम करायचं की नाही, ते प्राचार्य विमलबाईंच्या हातात. बाराच्या सुमारास मी मागच्या आळीत, हिरूला सांभाळणाऱ्या ठकूबाईंकडे, तिला पाजायला धावायचे. परतेपर्यंत माझा वर्ग नुसता गोंगाट करत बसायचा. इतिहासाच्या वाल्मिक सरांनी ते हेरलं होतं.

शनिवारच्या सभेत ते म्हणाले, "बाई, हे कॉलेज आहे की पाळणाघर? मी नेरळहून वेळेवर येतो, यांना मागच्या आळीतून जमत नाही."

"पहिल्या तासाला वेळेवर?" आबाजी सर मिशीत हसले.

"गाडीच लेट, त्याला मी काय करू?"

मला हसू आलं नाही. दूध सुटायला लागलं होतं. पदर सावरून मी बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. आता संपलंच.

बाईंनी सरांना झापलं नाही, माझी बाजूही घेतली नाही. उठून त्यांनी फळ्यावरचं अख्खं वेळापत्रक पुसलं आणि खडू सरांपुढे धरला. "तक्रार रास्त आहे. वर्ग रिकामा राहता कामा नये. तुम्हीच मांडा, प्रत्येकाला विचारून. मग चहा."

सर तोऱ्यात उठले. पण आबाजी सरांना जेवणानंतर दमा, चंद्राबाईंना सासऱ्यांचा डबा. बाराचा तास कुणी घेईना. सर लिहीत, पुसत. कोट खडूने पांढरा झाला. किटली झाकून समोर ठेवलेली. बाई कुणाला तिला हात लावू देईनात.

शेवटी सर माझ्याकडे वळले. "माझा पहिला तास तुम्ही घ्याल?"

"घेईन. मी इथंच राहते."

"मग बाराचा मी घेतो."

"बघा हं," बाई म्हणाल्या, "नंतर म्हणाल, बाईंनी लादला."

"छे हो, मीच मांडलाय की."

चहा पार निवला होता. सगळे प्यायले. बाहेर पडताना बाई मला हळूच म्हणाल्या, "आता मार्चला तुमच्याविरुद्ध लिहायला माझ्याकडे काही उरलं नाही."

सोमवारी बारा वाजायच्या आधीच वाल्मिक सर माझ्या वर्गाच्या दारात हजर. "अजून इथंच? निघा हो. पोर रडत असेल, आणि माझा तास सुरू व्हायचाय."