कड्याकडे पाठ

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे आणि कुशाबा माझ्या एका घावाने मेला. हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा. आत्मवृत्त जन्मापासून सुरू करायचे असते.

पोलादपूरच्या एका लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवले. पाटा जन्मभर घाट चढलेला, त्यामुळे कुडपणच्या राहीबाईकडे जाताना मला चक्कर आली नाही. तिने मला कमरेमागच्या लाकडी आकडीत अडकवले. तिच्यासोबत मी रानात गेलो, लग्नांना गेलो, एकदा डोळे तपासायला महाडलाही गेलो. डॉक्टरांनी आधी मलाच तपासले. मी फांद्या तोडल्या, फणस फोडले. "माझा कोयता लय गुणाचा हाय," असे ती म्हणायची. नवऱ्याबद्दल असे म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही.

मग एके दिवशी तिचा दीर कुशाबा काठी घेऊन बांधावर आला. बांध त्याला हवा होता. पहिल्याच फटक्यात राहीबाईचा डावा हात मोडला.

"भावजी, काठी खाली करा. माझ्या मागं कडा हाय."

"म्हणूनच तर हितं गाठली गो वयनी!"

काठी पुन्हा वर गेली. पुढचे तुम्ही वाचलेले नाही. एवढेच सांगतो, की घाव बसताच तिने मला फेकून दिले आणि त्याच्या मानेवर आपला पदर दाबून धरला.

आता राहीबाईला जन्मठेप होते की सुटका, हे ठरायचे आहे. सुनावणीला मी टेबलावर होतो, लाखेचे सील लावून.

सरकारी वकील म्हणाले, "बाई, हत्यार लावून आलात, म्हणजे मारायच्या तयारीनेच आलात."

"सायेब, कोयता नाय लावला तर आमच्याकडं शेजारी इचारतात, बरं नाय काय गो?"

"मग पळाला का नाहीत?"

"कुठं पळू? मागं कडा हाय."

वकिलांनी नकाशा पाहिला. नकाशात कडा म्हणजे एक रेघ. रेघ काय, कोणीही ओलांडते.

हल्ली मी मुद्देमालाच्या खोलीत एका मोडक्या मिक्सरशेजारी गंजतो आहे. मित्रांनो, लोखंडाला तेल लावत जा आणि भांडायला जाताना काठी घरी ठेवत जा.

सबब विनंती की, माननीय न्यायालयाने कुडपणला येऊन सरकारी वकिलांना त्याच बांधावर कड्याकडे पाठ करून उभे करावे, मला त्यांच्या कमरेला लावावे, समोर काठी उगारलेला एक हवालदार द्यावा आणि पळाला का नाहीत, हा प्रश्न त्यांना विचारावा. उत्तर येईपर्यंत हवालदाराने काठी खाली घेऊ नये.