कोऱ्या चिठ्ठीवरचा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो, आणि सध्या बिनकामाचा आहे. मूठ लाकडी. तळाशी एका डॉक्टरबाईंचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक, सगळं उलटं कोरलेलं. कागदावर टेकलो की ते सुलटं होतं. मला एवढंच येतं.

बाई डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला कचेरीसमोरच्या दुकानातून करून घेतलं. कारागिराने पहिला ठसा स्वतःच्याच तळहातावर उमटवून पाहिला. वडील तो परका हात हातात धरून लेकीचं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मला वाटलं, आपण कुणीतरी बडी असामी आहोत.

सुरुवातीला ताप-खोकल्याच्या चिठ्ठ्या असायच्या. काहीही झालेलं नसताना रजेच्या दाखल्यासाठी कण्हत येणारेही पुष्कळ होते. बाई त्यांना हसून वाटेला लावायच्या आणि मी खणात लोळत पडायचो. पुढे बाई कॅन्सरच्या दुखण्याने तळमळणाऱ्या रुग्णांकडे बघू लागल्या. त्यांना लागणाऱ्या जालीम गोळ्यांवर सरकारचा कडक पहारा असतो, कारण त्याच गोळ्या नशेसाठी चोरून विकल्या जातात. चिठ्ठीवर बाईंची सही आणि मी, दोघे नसलो तर औषधवाला कपाट उघडतच नसे. आसपास अशी चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई एकट्याच होत्या, त्यामुळे माझा भाव वधारला.

"डॉक्टर, शिक्का जरा जोरात हाणा," शिंपीकाका म्हणायचे. त्यांच्या हाडांत कॅन्सर पसरला होता. "मागच्या खेपेला फिका आला, तर त्या औषधवाल्याने चिठ्ठी उजेडात धरली न् माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी दरोडा घालायला आलोय."

मग एकदा बाईंच्या बहिणीचं बाळंतपण अडलं आणि त्यांना तातडीने परगावी जावं लागलं. आपण नसताना काकांच्या गोळ्या संपतील, या एका काळजीने त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. प्रत्येकीवर मला दाबलं आणि तो गठ्ठा दवाखान्यातल्या सिस्टरकडे दिला. "फक्त आपल्या नेहमीच्या पेशंटना द्या. किती गोळ्या लिहायच्या ते मला फोन करून विचारा." सिस्टरने अगदी तसंच केलं. पण एक चिठ्ठी टेबलावरून नाहीशी झाली. ती कुणी उचलली, हे आजपर्यंत कळलेलं नाही. तिच्यावर कुणीतरी भरमसाट गोळ्या लिहिल्या आणि त्या दूरच्या एका शहरात नशेबाजांकडे सापडल्या. चिठ्ठीच्या तळाशी मी होतो, अगदी ठसठशीत.

बाईंनी गोळ्यांचा धंदा मांडला, असा आरोप झाला. नोंदणी तर जाणारच होती, तुरुंगही समोर दिसत होता. बाई मला पर्समध्ये घालून वकिलांकडे गेल्या. वकील वयस्कर होते. सतत खडीसाखर चघळायचे आणि आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी मला टेबलावर उभं केलं.

"हा तुमच्याशिवाय कुणाच्या हातात जायचा?"

"कुणाच्याच नाही."

"नीट आठवून सांगा. समोरचे हाच प्रश्न विचारणार. सिस्टरच्या हातात जायचा म्हणालात, तर तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पण तिचा संसार उघड्यावर पडेल."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मीच मारला. कोऱ्या कागदावर. कळत होतं तरी मारला."

"मग हेच बोलायचं. चूक केली, हे कबूल. धंदा केला, हे नाकबूल. दोन्हींची खिचडी होऊ द्यायची नाही. बाकी मी बघतो."

पुढे तपास अधिकाऱ्यांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड सील केलं. आत माझी शाई वाळली. आधी मला वाईट वाटलं, मग राग आला, नंतर काहीच वाटेना.

सुनावणीला वकिलांनी एकेका रुग्णाचं दुखणं आणि बाईंनी केलेली त्याची तपासणी सावकाश मांडली. शिंपीकाका चाकांच्या खुर्चीतून आले होते. समोरच्या वकिलाने त्यांना विचारलं, "या गोळ्यांची तुम्हाला सवय लागली आहे, खरं ना?"

"लागली ना साहेब. सुई धरायची सवय परत लागली. मध्ये सुटली होती."

धंद्याचा आरोप टिकला नाही. कोऱ्या चिठ्ठ्यांबद्दल सक्त ताकीद मिळाली, नोंदणी वाचली. वकिलांनी मला पिशवीतून काढून बाईंच्या हातावर ठेवलं. "जिंकलो आपण." बाईंनी मान हलवली. बोलणं जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

तेव्हापासून मी खणात आहे. ताप-खोकल्याच्या चिठ्ठ्यांसाठी बाईंनी नवा शिक्का आणला. जालीम गोळ्या त्या लिहीतच नाहीत. शिंपीकाकांची सून आली तेव्हा त्यांनी साधी गोळी दिली.

"याने भागत नाही हो डॉक्टर."

"मोठ्या हॉस्पिटलात न्या."

"कूस बदलली तरी ओरडतात. गाडीत कसं घालू त्यांना?"

"मला नाही जमणार. खणाला हात लावला की बोटं बधिर होतात माझी."

सून उठली आणि दारापर्यंत जाऊन थांबली. "तुमच्यावर केस झाल्यापासून उरलेल्या गोळ्या ते पुरवून पुरवून घेत होते. शेवटची एक राखून ठेवली होती. सुनावणीच्या दिवशी घेतली, तुमच्या बाजूने नीट बोलता यावं म्हणून."

सून गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आता ती रोज येते आणि बाहेरच्या बाकावर बसून राहते.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात आणि तुमच्याही नावाचा शिक्का झाला, तर तो कोऱ्या कागदावर कधी दाबू नका. आधी माणूस तपासा, मग अक्षर लिहा, मग शिक्का मारा. पण एवढं सगळं करून झाल्यावर तो मारायला कचरूही नका. आम्हाला खणात जपून काही होत नाही. आम्ही तर रबराचे, आम्हाला दुखत नाही. दुखतं ते बाहेर, कुणाच्या तरी हाडांत.

खणाच्या फटीतून मला बाईंची बोटं दिसतात. आत्ता ती कडीवर आली आहेत. कालही इथपर्यंत आली होती.