ऋषींच्या अळवाची कुंडी

मी एक कुंडी आहे. भाजलेल्या मातीची, रुंद तोंडाची. जयपूरच्या प्रताप नगरात एका घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत माझे वास्तव्य आहे. माझ्यात गुलाब कधी फुलला नाही, तुळसही रुजली नाही. मी वाढवले ते केवळ अळू, आणि तेही वर्षातल्या एका दिवसासाठी.

जयपूरजवळच्या बस्सी गावातल्या एका कुंभाराने मला चाकावर आकार दिला. आग्रा रस्त्याच्या कडेला मी विक्रीस उभी होते, तेव्हा सुहासिनीबाईंनी बोटाच्या पेराने टिचकी मारून माझा आवाज ऐकला. पुन्हा मारली, पुन्हा ऐकला.

"अगं, कुंडी घेतेस की तबला?" त्यांचे यजमान मुरलीधरपंत म्हणाले. विमा कंपनीतल्या बदल्या संपल्यावर ते याच शहरी स्थिरावले होते.

"तुम्ही गाडीत बसा बघू," बाई म्हणाल्या.

चिपळूणहून जपून आणलेल्या अळकुड्या त्यांनी माझ्यात लावल्या. माती त्यांनी कालवली, पाणी त्यांनी घातले, तणही त्यांनीच उपटले. मोलकरणीला माझ्यापाशी फिरकू दिले नाही. भाद्रपदात, गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बाई सप्तर्षींची आणि अरुंधतीची पूजा करून बैलाच्या श्रमाचे काहीही खात नसत. त्यांच्या माहेरी हा नियम अधिकच कडक होता: बैलाचे तर नाहीच, पण दुसऱ्या माणसाच्या कष्टाचेही नाही. एक दिवस तरी आपण आपल्याच हातचे खावे. पाने कोवळी निघोत की राठ, त्यांचीच बिनमिठाची भाजी करून त्या एकभुक्त राहत.

"आता शेतात बैल उरलेत कुठे? सगळीकडे ट्रॅक्टर," मुरलीधरपंत दरवर्षी छेडत. "म्हणजे तुला श्रीखंड-पुरीसुद्धा चालेल!"

"ट्रॅक्टर काय हवेवर चालतो? त्यावर माणूस बसतोच ना?"

पंत हसत आणि मुकाट्याने अळू चिरायला बसत. मात्र चिरलेले अळू बाई बाजूला ठेवून देत. ते पंतांच्याच आमटीत पडे.

त्यांच्या मुलाचे, संकेतचे लग्न झाले आणि अनुया घरात आली. तिचा जन्म जयपूरचा, शिक्षण हिंदीतले. मराठी ती अडखळत बोले, पण शिकण्याची हौस दांडगी. त्या आषाढात बाई गच्चीवर घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. जिना चढण्यास डॉक्टरांनी मनाई केली. माझी माती भेगाळली, पाने माना टाकू लागली.

अनुया एका सायंकाळी ऑफिसातून आली ती थेट वर. माझ्यापाशी उकिडवी बसून कितीतरी वेळ पाहत राहिली. दुसऱ्याच दिवशी तिने नर्सरीतल्या माळ्याला बोलावले.

"भैया, इसमें बैल तो नहीं लगेगा ना?" तिने अगदी गंभीरपणे विचारले.

"मॅडमजी, गमले में बैल?" तो बिचारा कुंडीकडे पाहत गोंधळला.

तिने व्रताचे अक्षर तंतोतंत सांभाळले होते. त्याचे मर्म तिला कुणी सांगितलेच नव्हते. माळी येत राहिला. त्याने माती बदलली, खत घातले. हत्तीच्या कानांएवढी पाने मी प्रथमच पाहिली, आणि खरे सांगायचे तर मला त्यांचा अभिमान वाटला.

पंचमीच्या दिवशी अनुयानेही उपवास धरला. तिचा तो पहिलाच. तिने पाने खुडली, भाजी रांधली आणि बाईंचे पान गच्चीवरच, माझ्याशेजारी वाढले. प्लास्टर निघाले तरी हात अधू होता, म्हणून या वर्षी सुनेच्या हातचे ते आपल्याच हातचे मानायचे ठरवून बाई पंतांचा हात धरून वर आल्या. माझ्याकडे पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई! एवढं कुणी वाढवलं गं?"

"नर्सरीचे भैया यायचे, आई. मी त्यांना सगळं समजावलं होतं."

बाईंचा घास हातातच थांबला. त्यांनी तो पानात ठेवला.

"मग बाजारातून आणलेलं काय वाईट होतं? तेच बरं, निदान व्रताचं म्हणून कुणी फसत तरी नाही."

"मतलब... मी फसवलं?"

"मी पाण्यावर राहीन आज. तू जेव."

अनुया जेवली नाही. तिने भाजीचे पातेले उचलले, खाली गेली आणि फाटकाशी उभ्या असलेल्या गाईपुढे ते रिकामे केले. कठड्यावरून बाईंनी ते पाहिले. मीही पाहिले.

मग पंत हलकेच म्हणाले, "सुहास, हे व्रत कशासाठी गं करतात?"

"अजाणता घडलेल्या दोषांच्या क्षालनासाठी."

"आणि त्या पोरीने काय जाणूनबुजून केलं?"

बाई पदराने कठडा पुसत राहिल्या. कठडा स्वच्छच होता.

एक शब्द तेव्हा बोलता आला असता. 'उद्या बोलू' असे माणसे स्वतःला सांगतात, आणि तो उद्या लांबणीवर पडत जातो. अनुया वागायला पूर्वीसारखीच राहिली, पण गच्चीवर पुन्हा आली नाही. हिवाळ्यात संकेतची बदली झाली आणि दोघे पुण्यास गेले.

आज पुन्हा ऋषिपंचमी आहे. दुखऱ्या हाताने बाईंनी माझी माती स्वतः कालवली होती. अळू भरून आले आहे. सकाळी माझ्या काठावर हात टेकून त्यांनी फोन लावला.

"अनुया, तुमच्याकडे गॅलरी आहे ना? थोड्या अळकुड्या पाठवू का? तुझ्या हातच्या..."

"नको आई. मला ते बरोबर नाही जमत. फिर से काही चुकलं तर?"

"अगं, त्या वेळी चुकलं होतं ते..."

"आई, मीटिंग सुरू होतेय. मग करते हं." पलीकडे फोन बंद झाला.

बाई अजून माझ्यापाशीच बसल्या आहेत. नियमाप्रमाणे ही पाने निर्दोष आहेत, तरी ती खुडायला त्यांचा हात उठत नाही. मला बोलता येत नाही, म्हणून त्यांचे अर्धे राहिलेले वाक्य मला पुरे करता येत नाही. तुम्हाला मात्र बोलता येते. तुमच्या घरी कुणी उपाशीपोटी रांधून तुमच्यापुढे पान मांडले, तर आधी जेवायला बसा. नियम दुसऱ्या दिवशीही सांगता येतो. तुम्हाला जेवताना पाहण्याची वाढणारीची भूक दुसऱ्या दिवशी राहत नाही.