माझा रिव्हर्स हॉर्न बंद होता

मी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे. पुढे दोन लांब लोखंडी काटे, मध्ये चालकाची जागा आणि मागे जड पाठ, असं माझं रूप. काट्यांवर माल उचलायचा आणि गोदामातून ट्रकपर्यंत न्यायचा, हे माझं काम. मित्रांनो, आपली गोष्ट सांगताना बाकीची यंत्रं ताठ उभी राहत असतील. मला मात्र मान खाली घालूनच सांगावी लागेल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. बंदरातून ट्रेलरवर बसून मी घाट चढले, तेव्हा माझा पिवळा रंग नवा कोरा होता. तळेगावच्या अंबाजीशेठ नावाच्या ठेकेदाराने मला विकत घेतलं आणि वराळ्याच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्याला भाड्याने दिलं. कारखाना एकाचा आणि मी दुसऱ्याची, एवढं लक्षात ठेवा. पुढे त्यावरूनच सगळं ठरलं.

माझे चालक इकबालभाई. तेही अंबाजीशेठच्याच पगारावर होते. हात इतका हलका की पुठ्ठ्यांचा उंच ढीग उचलला तरी वरचं खोकं हलत नसे. खंडेनवमीला सगळे मला झेंडूची माळ घालत आणि म्हणत, "हिच्यामुळे आपली पाठ शाबूत आहे." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

आठव्या वर्षी माझा रिव्हर्स हॉर्न बंद पडला. मी मागे येऊ लागले की तो आपोआप वाजायचा आणि माणसं बाजूला व्हायची. माल उंच असला की पुढचं दिसत नाही, म्हणून मला बहुतेक वेळा उलटंच चालावं लागतं. इकबालभाईंनी रोजच्या तपासणीच्या वहीत लिहिलं, 'रिव्हर्स हॉर्न बंद.' असं त्यांनी ओळीने अकरा दिवस लिहिलं. अंबाजीशेठ म्हणाले, "पुढचा हॉर्न हाये की. त्यो वाजवायला हात न्हाईत का तुला?" बाराव्या दिवसापासून इकबालभाईंनी लिहिणं सोडलं. ती जागा ते कोरी ठेवू लागले.

कारखान्यात चैतालीताई साळवे खोक्यांवर लेबल लावायच्या. जवळच्या इंदुरी गावाहून रोज येत. एका सकाळी त्या रॅकच्या कोपऱ्यावर खाली बसून पडलेली लेबलं गोळा करत होत्या. इकबालभाई मान वळवून मागे बघत होते, पण माझ्या जड पाठीआड बसलेलं माणूस दिसत नाही. हॉर्न न वाजता मी मागे आले. माझं चाक त्यांच्या डाव्या पावलावरून गेलं.

त्यांची किंकाळी ऐकून मी थांबले. मित्रांनो, मी टनावारी वजन उचललं आहे, पण त्या क्षणी माझ्या चाकाखाली जे होतं ते मला आजही उचलवत नाही.

दुपारी अंबाजीशेठ आले. इकबालभाईंना माझ्याजवळ घेऊन हळू आवाजात म्हणाले, "हॉर्न चालू हुता म्हणायचं. बाई फोनवर बोलत हुती, तिला ऐकू आलं न्हाई. नोकरी टिकवायची हाये ना?" इकबालभाईंना मोठं घर पोसायचं होतं. त्यांनी कारखान्याच्या चौकशीत तसंच लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मला नवा हॉर्न बसवला. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा गोदामातल्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मला तो आवाज उपटून फेकावासा वाटला.

चैतालीताईंचं अर्धं पाऊल कापावं लागलं. ईएसआयच्या विम्यातून त्यांचे उपचार झाले, घरी बसल्याच्या दिवसांचा पगार मिळाला, पुढे महिन्याची पेन्शनही सुरू झाली. कारखान्याने त्यांना बसून करायचं काम दिलं. पण डबा खाताना कुणीतरी म्हणायचंच, "कामावर फोन कशाला बघायचा?"

एक दिवस तेजल नावाच्या वकीलबाई मला पाहायला आल्या. कुबडी टेकत चैतालीताई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला ईएसआयचं मिळतंय. परत मागायचं म्हंजी लाज वाटती. लोक हावरी म्हणतील."

"ताई, ईएसआय तुमच्या नोकरीचा विमा आहे," वकीलबाई म्हणाल्या. "चूक कुणाचीही असो, तो मिळतोच. त्यानंतर कारखान्यावर वेगळा दावा लावता येत नाही. पण ही गाडी कारखान्याची नाही. बिघडलेली गाडी ज्याने चालू ठेवली, त्याला जाब विचारायचा तुम्हाला हक्क आहे."

चैतालीताईंनी माझ्या चाकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्ये फोनचं खोटं तरी पुसंल का? माजा फोन त्या दिवशी घरी लेकीकडं हुता."

शेजारी इकबालभाई उभे होते. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा भिंतीला घासलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दावा वडगावच्या कोर्टात तीन वर्षं चालला. तिथलं मला इकबालभाईंमुळेच कळलं, कारण साक्ष देऊन आल्यावर ते चावी ठेवायला आले होते आणि माझ्या सीटवर बसून सहकाऱ्याला सांगत होते. अंबाजीशेठच्या वकिलाने विचारलं होतं, एकाच पायाचे पैसे दोनदा कसे? आणि इकबालभाई उभे राहून म्हणाले होते, "साहेब, मी आधी खोटं लिहून दिलं. हॉर्न बंद होता. वहीतली ती अकरा पानं माझ्याच हातची आहेत. बाई फोनवर नव्हत्या." त्याच संध्याकाळी त्यांची नोकरी गेली.

निकाल चैतालीताईंच्या बाजूने लागला. विम्याची मदत वेगळी आणि गाडीच्या मालकाच्या हलगर्जीपणाची भरपाई वेगळी, असं कोर्टाने म्हटलं. मी आता जुनी झाले होते, म्हणून अंबाजीशेठनी मला भंगारात काढायचं ठरवलं.

मला न्यायला ट्रेलर आला, त्या दिवशी इकबालभाई अंबाजीशेठकडून आपला राहिलेला पगार घ्यायला आले होते. फाटकाशी चैतालीताई भेटल्या. ते म्हणाले, "ताई, बाराव्या दिवशी मी चावी ठेवून घरी जायला हवं होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "जायला हवं हुतं."

चैतालीताईंनी कुबडी दुसऱ्या हातात घेतली. "माजं पाऊल काय परत यायचं न्हाई, भाऊ. पर आता डब्याला बसले की कुणी फोनचं बोलत न्हाई. चला, च्या घ्या."

दोघं सावकाश टपरीकडे गेली. इकबालभाई चैतालीताईंच्या चालीने चालत होते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखी यंत्रं चालवाल, कुणी त्यांचे मालकही व्हाल. आमच्यात काही बिघडलं तर ते लिहा, आणि कुणी ऐकत नसेल तर आम्हाला बंद करून खाली उतरा. आणि कुणाला इजा झालीच, तर त्याने हक्काचं मागताना लाजू नये. लाजायचं आम्ही. मी लाजते आहे, रोज.