कुंजबिहारीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जाड काचेचा, मागे भलीमोठी ढेरी असलेला. हल्लीचे टीव्ही कॅलेंडरासारखे भिंतीला चिकटून असतात, त्यांना पाठ अशी नसतेच. माझ्या गरम पाठीवर एके काळी मांजर झोपत असे. आता मी भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या एका घरात, हॉलच्या कोपऱ्यात बसून असतो. डोक्यावर मनीप्लांटची बाटली आहे आणि तिच्याही वर, भिंतीवर, माझा वारसदार लटकतो आहे. माझी तक्रार नाही. भंगारवाल्याने दोनदा वजन करायचा प्रयत्न केला, तरी घरच्यांनी मला ठेवलं, हे काही थोडं नाही.

कारखान्यात माझ्या पोटात स्पीकर बसवला, तेव्हा एका माणसाने तो वाजवून पाहिला आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे." मग मला खोक्यात बंद केलं. ते कौतुक मी जपून ठेवलं, कारण माझ्या आवाजाला पुढे कुणी विचारलंच नाही.

छत्तीसगड हे नवं राज्य झालं, त्याच हिवाळ्यात शामरावांनी मला दुर्गच्या बाजारातून घरी आणलं. शामराव नागपूरकडचे, मालगाडीचे ड्रायव्हर. भिलाई-३ च्या रेल्वे कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मालगाडीचा ड्रायव्हर रात्रभर जागतो आणि दिवसा झोपतो. ती झोप मोडली तर पुढची रात्र धोक्याची. म्हणून त्या कॉलनीत ड्रायव्हर झोपला असला की बाया कुकरची शिटीसुद्धा चिमट्याने उचलून धरत, पोरांना दूरच्या मैदानात हाकलत आणि भाजीवाल्याला हातानेच खुणा करत. शामरावांनी मला टेबलावर मांडलं, चित्र नीट लावलं आणि बायकोला सांगितलं, "चंपा, पाय तुले पायचं तेवढं. पन आवाज नोको."

चंपाबाईंनी तो शब्द पाळला. माझा आवाज शून्यावर गेला आणि तिथेच राहिला.

तेव्हा रविवारी सकाळी जासूस कुंजबिहारीची मालिका लागत असे. कुंजबिहारी हा जुन्या हिंदी कादंबऱ्यांतला गुप्तहेर. त्याची पिवळ्या पानांची पुस्तकं स्टेशनावरच्या गाड्यावर मिळत आणि प्रवास संपला की डब्यातच राहत. धोतर, काळी छत्री, आणि कुणाच्याही घरी खुनाची चौकशी करायला गेला की आधी चहा मागणार. मालिका पाहायला शेजारच्या बाया आमच्याकडे जमत. टीव्ही त्यांच्याकडेही होते, पण तिथे रविवारी नवरे जागे असत, आणि जाग्या नवऱ्याच्या हातात रिमोट असतो. आमच्याकडचा पुरुष आतल्या खोलीत गाढ झोपलेला. बायांना एवढं मोकळं घर दुसरं कुठलं मिळणार?

अडचण एकच होती. चित्र हलायचं, कुंजबिहारीचे ओठ हलायचे, ऐकू मात्र काहीच यायचं नाही. पहिल्या रविवारी सगळ्या नुसते हलणारे ओठ पाहत बसल्या. मग चंपाबाई अगदी दबक्या आवाजात, कुंजबिहारीच्या ओठांना ओठ जुळवत बोलू लागल्या:

"बाई, खून तं झाला, ते पाहू मंग. आधी सांगा, चाय कोनं केला? साखर कमी काहून हाये?"

बायांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले. सगळ्यात जास्त हसली ती सुजाता, पलीकडच्या क्वार्टरमधली. त्या दिवसापासून आमच्या घरचा कुंजबिहारी नागपुरी बोलू लागला. खरे संवाद माझ्या पोटात येऊन तसेच विरून जात. लिहिणाऱ्याने ते मेहनतीने लिहिले होते, आणि कुंजबिहारी मुळात फार शुद्ध हिंदी बोलत असे. पण मला कोण विचारतो?

सुजाता चंपाबाईंना ताई म्हणायची. दोघींचं अर्धं आयुष्य कुंजबिहारीवरच चालायचं. आठवडाभर, दळण निवडताना, कपडे वाळत घालताना, पुढच्या रविवारी खुनी कोण निघेल यावर वाद.

"ताई, तो मुनीमच असंन. त्याची नजर चांगली नाही."

"नजर तं तुया नवऱ्याचीबी चांगली नाही. मंग काय त्यालेबी धरतं?"

सुजाताचा नवरा नरेश यार्डात कामाला होता. नजर चांगलीच होती त्याची, लाजाळू माणूस. एके दिवशी, नाइट करून आल्यावर त्याला झोपायला मिळालं नाही. सुजाताच्या माहेरची माणसं आली होती, तिनेच बोलावलेली. घरात स्वयंपाक, हसणं, पोरांचा धिंगाणा. तो तसाच पुढच्या ड्यूटीला गेला, आणि सकाळी मोटारसायकलवरून परतताना रस्त्यात त्याला डुलकी लागली. तो घरी पोचला नाही.

त्यानंतर सुजाता कुणाच्या घरी जाईना. तिच्या तोंडी एकच वाक्य असे, "मी त्याले झोपू देलं नाही." जी कॉलनी झोपलेल्या माणसासाठी कुकरची शिटी उचलून धरते, तिथे हे वाक्य किती जड असतं, ते तुम्हीच समजून घ्या. बाया तिला समजावत, पण प्रत्येकीच्या मनातही तेच येऊन जात असणार, आणि सुजाताला ते दिसत असणार.

मग एका रविवारी चंपाबाई तिला हाताला धरून घेऊन आल्या. नेमका त्या दिवशी एका विधवेचा भाग होता. शेवटी कुंजबिहारी त्या बाईसमोर उभा राहिला, छत्री जमिनीवर टेकवली आणि बोट दाखवलं. माझ्या पोटात त्याचे शब्द स्पष्ट होते: नवऱ्याचा खून तुम्हीच केलात. पण चंपाबाईंना शब्द ऐकायची गरज नव्हती. ते बोट पाहूनच त्या समजल्या. सुजाता पडद्याकडे टक लावून पाहत होती. चंपाबाई कुंजबिहारीच्या ओठांशी ओठ जुळवून म्हणाल्या,

"बाई, इकडे पाय मायाकडे. तू घर भरवलं, मानसं बलावली, हा काई गुन्हा नोहे. मरन त्याच्या वाटेवर होतं, तुया घरात नोहतं. जाय आता, जेवून घे."

एवढ्यात पडद्यावर शिपाई बेड्या घेऊन आले. चंपाबाई ताडकन उठल्या आणि पदराने माझी काच पुसू लागल्या. जाहिराती लागेपर्यंत त्या पुसतच होत्या. माझी काच इतकी स्वच्छ ना आधी कधी झाली, ना नंतर.

"सुटली ना ताई ते?" सुजाताने विचारलं.

"सुटली तं. कुंजबिहारीनं सोडलं तिले."

त्या दुपारी सुजाता आमच्याकडेच जेवली.

पुढे कॉलनी सुटली. शामराव निवृत्त झाले आणि आम्ही हुडकोत आलो. सुजाता मुलाकडे, राजदीपकडे, कुम्हारीला गेली. कुंजबिहारीने मात्र दोघींना सोडलं नाही. त्याचा मोठा सिनेमा आला, तो दोघींनी दुर्गला जाऊन पाहिला. परतल्या त्या रागावूनच.

"पँट घातली वं त्यानं," चंपाबाई कितीतरी दिवस म्हणत होत्या. "धोतर काहून काढलं? अन् चायबी नाही पेला."

मग मोबाइलवर नवी मालिका आली. त्यातला कुंजबिहारी दारू पितो आणि शिव्या देतो. दोघी ती शिव्यांसकट पाहत आणि रोज फोनवर तिचे वाभाडे काढत. हा वादच त्यांचा घरोबा होता. माझं काम मात्र तोवर संपलं होतं. नवा टीव्ही भिंतीवर चढला, माझी वायर काढली आणि मनीप्लांटला जागा मिळाली.

गेल्या दिवाळीनंतर सुजाता मुक्कामाला आली. तेव्हा चंपाबाईंची नात रोशनी म्हणाली, "आजी, वो पुराना वाला मिळालं मला नेटवर. सगळे एपिसोड, पूरा साउंड के साथ."

"मंग ते विधवेची गोष्ट लाव," सुजाता म्हणाली.

मी कोपऱ्यातून चंपाबाईंचा चेहरा पाहिला. त्या म्हणाल्या, "आधी चाय घेऊ." चहा झाला. म्हणाल्या, "आधी जेवू." जेवण झालं. मग रिमोट सापडेना. चंपाबाई त्याच्यावरच बसल्या होत्या.

"रिमोट कशाला पाहिजे, आजी? मोबाइल से चलता है," रोशनीने सांगितलं आणि लावलं.

"रोशनी, राहू दे ना वं. जुनं हाये, कशाले," चंपाबाई म्हणाल्या. पण त्या उठल्या नाहीत. भिंतीवरचा टीव्ही त्यांच्या हाताला पोचत नव्हता, आणि पोचला असता तरी पडदा एवढा मोठा की पदर पुरला नसता.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच प्रेक्षक होतो. कुंजबिहारीने छत्री टेकवली, बोट दाखवलं आणि किरट्या आवाजात, शुद्ध हिंदीत म्हणाला, की खून तुम्हीच केलात. शिपाई आले. बेड्या पडल्या. बाई रडत गेली. रोशनी मोबाइलमध्ये पाहत होती. चंपाबाई स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या.

सुजाता शेवटपर्यंत पाहत राहिली. मग चष्मा काढून पदराने पुसला.

"ताई, याले काही समजत नाही," ती म्हणाली. "आपला कुंजबिहारी हुशार होता."

चंपाबाईंनी मान वर केली नाही. सुजाताने सरकून त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. "त्यानं मले जेव म्हनलं होतं. मी जेवली. तवापासून जेवूनच राहिली."

रोशनीला काही कळलं नाही. तिने विचारलं, "अगला लावू का?"

"लाव," सुजाता म्हणाली. "पाहू, आनखी कुठं कुठं चुकला थो."

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, असं सांगायची आमची रीत आहे, पण माझं सोडा. माझ्यात तांबं आहे, कुणीतरी उचलून नेईलच. तुमच्या घरात रात्रपाळी करून आलेलं कुणी असेल, तर त्याला झोपू द्या. आणि एखाद्या माणसाच्या हातून कुणाची झोप मोडलीच, पुढे काही विपरीत घडलं, तर त्या माणसाकडे बोट दाखवायला जग तयारच असतं. तुम्ही तेवढा वेळ काच पुसत उभे राहा.